घोगरा सूर हवा, शिट्टी नको : ॲम्पवरच्या हार्मोनिकाच्या नोंदी

४ मे

काय हवं आहे ते आधी लिहून ठेवतो, नाहीतर पुढचा प्रत्येक बदल ‘बरा वाटतोय’ एवढ्यावरच संपेल. दहा भोकांची डायटॉनिक (एकाच पट्टीचे स्वर असलेली) हार्मोनिका, हातात धरलेला बुलेट माइक (गोळीच्या आकाराचा जुन्या धर्तीचा माइक), व्हॉल्व्हचा छोटा ॲम्प. आवाज जाड, घोगरा, कडेला जरासा फाटलेला हवा. ड्रम आणि गिटार वाजत असताना ऐकू आला पाहिजे. आणि दोन ओळींच्या मधे शांतता हवी. सध्या पहिल्या दोन गोष्टी जमल्या की तिसरी हातची जाते. ॲम्पचा व्हॉल्यूम चारच्या पुढे सरकवला की तो किंचाळतो, म्हणजे फीडबॅकची शिट्टी येते, चारच्या खाली तो इतका सभ्य वाजतो की माइक कशाला लावला असं वाटावं.

सामान : ए आणि सी पट्टीच्या हार्मोनिका. चुंबकी घटकाचा (घटक म्हणजे आवाजाची वीज करणारा आतला भाग) जुना बुलेट माइक, तुलनेसाठी मागून आणलेला क्रिस्टलचा बुलेट, आणि गाण्यासाठी वापरतात तो शुअर एसएम५८. ॲम्प ५ वॅटचा : पहिल्या टप्प्याला एक १२एएक्स७ व्हॉल्व्ह, शेवटच्या टप्प्याला एक ६व्ही६, आठ इंची स्पीकर. बटण एकच, व्हॉल्यूमचं. टोन वगैरे लाड नाहीत. शिवाय दहा इंची स्पीकरचा एक मोठा ॲम्प आहे, त्याला ट्रेबल आणि बास आहेत. तो पुढे.

हा आवाज ब्लूज हार्मोनिकावादक लिटल वॉल्टरने १९५२ च्या सुमारास शिकागोत ज्या सामानावर घडवला ते यापेक्षा भारी नव्हतं. माइक घोषणांसाठी किंवा बिनतारी संदेशांसाठी बनवलेले, ॲम्प लहान, पेडल नाही, नॉइज गेट (बारीक आवाज आपोआप बंद करणारं यंत्र) नाही. म्हणजे उत्तर विकत घ्यायच्या वस्तूत नसून जोडणीत आणि हातात असलं पाहिजे. निदान सुरुवात तरी तिथून करतो.

७ मे

मोजायची पद्धत ठरवली. ॲम्प खुर्चीवर, जमिनीवर पट्टी चिकटवून माझी उभं राहायची जागा पक्की, दोन मीटरवर. हार्मोनिका आणि माइक वाजवण्याच्या पकडीत धरायचे, ओठ लावायचे, पण फुंकायचं नाही. कोणाला तरी व्हॉल्यूम हळूहळू वाढवायला सांगायचं. जिथे पहिली घुमण (शिट्टीची सुरुवात) ऐकू येते तिथे बटणाचा आकडा लिहायचा. मग बटण एका खुणेने खाली आणून चौथ्या भोकाचा ओढीचा (श्वास आत घेऊन वाजणारा) स्वर सपाटून वाजवायचा आणि त्याच जागेवरून ॲम्पचा आवाज फोनच्या मीटरवर बघायचा. फोनच्या मीटरचा आकडा खरा नसला तरी एका दिवसाची दुसऱ्या दिवसाशी तुलना करायला पुरतो.

नुसता बटणाचा आकडा नोंदवून उपयोग नाही. कमजोर माइक लावला तर बटण आठवर जाईल, पण आवाज तेवढाच राहील. शिट्टी यायच्या आधी किती मोठ्याने आणि किती घोगरं वाजवता येतं, हाच खरा हिशेब.

आजचा पाया : चुंबकी बुलेट, व्हॉल्यूम साडेतीनला घुमण, आवाज मध्यम, घोगरेपणा जवळजवळ शून्य.

८ मे

आज काही वाजवलं नाही, विचार केला. एक गोष्ट काल लक्षात आली होती पण लिहिली नाही : वाजवत असताना शिट्टी येत नाही. ओळ संपवून श्वास घेतो तेव्हा येते. व्हॉल्यूम पाचवर असतानासुद्धा सूर चालू असेपर्यंत सगळं ठीक असतं, सूर सोडला की किंकाळी.

फीडबॅकचं गणित सोपं आहे. माइक, ॲम्प, स्पीकर, मधली हवा आणि परत माइक असा तो फेरा. एखादी कंपनसंख्या फेरा मारून परत येते तेव्हा निघताना होती तेवढीच किंवा जास्त मोठी असेल, आणि त्याच फेजमध्ये (लाटेच्या त्याच टप्प्यावर) परतली असेल, तर ती स्वतःच्याच जिवावर वाढत जाते. दोन मीटर जायला आवाजाला साधारण ६ मिलिसेकंद लागतात, त्यामुळे फेज जुळणाऱ्या कंपनसंख्या दर १७० हर्ट्झच्या आसपास एक अशा ओळीने उभ्या असतात. त्यातली जिला माइक, स्पीकर आणि खोली मिळून सर्वात जास्त उचलतात ती आधी ओरडते.

आता ॲम्प फाटतो म्हणजे काय होतं ते पाहू. मोठा सिग्नल आला की व्हॉल्व्ह त्याची टोकं कापतो. कापलं म्हणजे मोठ्या सिग्नलला मिळणारी वाढ कमी झाली. लहान सिग्नलला मात्र पूर्ण वाढ मिळते. मी जोरात वाजवतो तेव्हा ॲम्प माझ्या सुराने भरलेला असतो, खोलीतून परत आलेल्या बारीक आवाजाला त्यात जागाच मिळत नाही. मी थांबलो की त्या बारीक आवाजाला अख्खा ॲम्प मोकळा.

म्हणजे घोगरेपणा मोठ्या सिग्नलवर ठरतो आणि शिट्टी लहान सिग्नलवर. दोन्ही गोष्टी एकाच बटणाने ठरतात असं मी इतके दिवस धरून चाललो होतो, आणि बहुतेक सगळे तसंच धरतात : घोगरं हवं, मग गेन (ॲम्पमधली वाढ) वाढव. गेन वाढवला की घोगरेपणा आणि शिट्टी दोघीही एकदम वर येतात. दोघींमधलं अंतर वाढवायचं असेल तर ॲम्पमधली वाढ कमी करायची आणि माइकमध्ये शिरणारा हार्मोनिकाचा आवाज मोठा करायचा. खोलीतला आवाज आहे तेवढाच राहील, माझा वाढेल.

यापुढचे सगळे प्रयोग याच एका वाक्यावर तपासणार.

११ मे

ओंजळ. या विषयावर पानंच्या पानं लिहिता येतील, आणि मला वाटतं निम्म्याहून जास्त काम इथेच आहे.

हार्मोनिकाचा आवाज उघड्यावर लगेच पांगतो. तोच हातांच्या बंद पोकळीत, माइकच्या जाळीलगत अडवला तर दाब कितीतरी वाढतो. माइक रेकॉर्डरला जोडून पाहिलं : तोच स्वर, तोच श्वास. सैल पकडीत आणि घट्ट पकडीत मीटरवर दहाएक डेसिबलचा फरक दिसला. आणि हे दहा डेसिबल फुकटचे आहेत. ॲम्पचं बटण हललेलं नाही, त्यामुळे खोलीच्या आवाजाला त्यातला काही वाटा मिळत नाही.

ट्रेबल कमी होतो हा दुसरा फायदा. घट्ट पोकळीत वरचे सूर गुदमरतात आणि मधला भाग फुगतो. शिट्टी बहुतेक वेळा वरच्या भागातच येते, माझ्याकडे दोन-अडीच किलोहर्ट्झच्या पट्ट्यात, म्हणून तो भाग दबलेलाच बरा.

पकड अशी जमली. डाव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी यांत हार्मोनिका, पण भोकांपासून मागे, म्हणजे ओठ खोलवर जातील. माइकचं तोंड हार्मोनिकाच्या मागच्या बाजूला, मधल्या भोकांच्या समोर. उरलेली बोटं आणि उजवा तळवा मिळून कडा बंद करतात. गळती कुठे आहे ते शोधायला सोपा उपाय : पहिल्या भोकात जोराने फुंकायचं आणि हवा कुठे लागते ते बघायचं. माझी गळती नेहमी करंगळीखाली आणि दोन अंगठ्यांच्या मधे. डाव्या गालाची मदत घेतली तर वरची फट बंद होते, दिसायला विचित्र दिसतं, पण ऐकणाऱ्याला गाल दिसत नाही.

माइक आणि हार्मोनिका यांच्यात बोटभर अंतर ठेवा असा सल्ला सर्रास दिला जातो. मोकळ्या, ध्वनिक आवाजासाठी तो ठीकच आहे. मला हवा आहे त्या आवाजासाठी अंतर शून्य नव्हे, पण हार्मोनिकाच्या मागच्या पत्र्याला माइकची जाळी जेमतेम टेकू नये एवढंच. टेकली की खडखडते, आणि तो खडखडाट ॲम्प मोठ्या आवडीने वाढवून ऐकवतो.

मग शिट्टीच्या बाजूने तपासलं, आणि हे अपेक्षित नव्हतं : पूर्ण उघडा हात बरा, पूर्ण बंद हात सर्वात बरा, अर्धवट बंद हात सर्वात वाईट. कारण नंतर सुचलं. अर्धवट ओंजळ म्हणजे पोकळी आणि तिला एक तोंड, तोंड जेवढं लहान तेवढा खालचा सूर. बाटलीच्या तोंडावर फुंकल्यासारखंच. ती पोकळी एका कंपनसंख्येला उचलून धरते आणि तोंड खोलीकडे उघडं असल्यामुळे खोलीतून तीच कंपनसंख्या आत येते. हात हळूहळू उघडत नेला तर शिट्टीचा सूर वर चढताना स्पष्ट ऐकू येतो.

यातून विश्रांतीच्या जागांसाठी नियम निघाला : ओळ संपली की हात ढिला करायचा नाही. ओंजळ तशीच बंद, हार्मोनिका ओठांवर किंवा हनुवटीला, किंवा माइक थेट छातीशी दाबून. ‘वा’ असा आवाज काढायला हात उघडायचा तर झटकन उघडून झटकन मिटायचा, मधल्या जागेत रेंगाळायचं नाही.

आजचा निकाल : घुमण पाचला. घोगरेपणा पहिल्यांदाच दिसला, मधल्या भोकांवर.

१२ मे

एसएम५८ लावून तोच प्रयोग. पाच मिनिटांत बंद. हा माइक मागून येणारा आवाज कमी घेतो म्हणून शिट्टीला चांगला, अशी त्याची ख्याती आहे, आणि स्टँडवर असेल तर ती खरीच आहे. पण तो मागचा आवाज टाळतो ते जाळीमागच्या फटींतून आलेला आवाज समोरच्या आवाजातून वजा करून. फटींवर हात आला की वजाबाकी बंद, मग तो सगळीकडून ऐकतो आणि वरच्या भागात आणखी टोकदार होतो. गाणारे जाळी मुठीत धरतात तेव्हा साउंडवाले कपाळाला हात लावतात, त्याचं कारण हेच. बुलेट माइक मुळातच सर्व बाजूंनी ऐकणारे असतात, त्यांच्या बाबतीत ओंजळीने काही बिघडत नाही.

१५ मे

माइकचे घटक. चुंबकी आणि क्रिस्टल आळीपाळीने, तोच ॲम्प, तीच जागा.

क्रिस्टलचा आवाज करकरीत, मधल्या भागाला वेगळीच धार. मोठ्याने वाजवलं की घटक स्वतःच थोडा फाटतो असं वाटतं. चुंबकी जास्त गोल, खालचा भाग भक्कम, आणि शिट्टीच्या आधी त्याला थोडी जास्त जागा मिळते. माझं मत : एकट्याने वाजवायला क्रिस्टल मजेदार, बँडमध्ये चुंबकी. शिवाय जुन्या क्रिस्टलमध्ये रोशेल मीठ असतं. त्याला दमटपणा सोसत नाही, अति कोरडेपणा सोसत नाही, आणि ५५ अंशांच्या आसपास ते कायमचं बिघडतं. माणसाच्या श्वासासमोर धरायच्या वस्तूला हा स्वभाव फारसा सोयीचा नाही. मागून आणलेला माइक लवकर परत केलेला बरा.

जोडणीचा हिशेब मात्र लिहून ठेवण्यासारखा आहे. क्रिस्टल घटक विजेच्या दृष्टीने एक छोटा कपॅसिटर असतो. तो १००० पिकोफॅरडचा धरला आणि ॲम्पचं इनपुट १ मेगाओहम असेल तर १६० हर्ट्झच्या खालचा खर्ज गळायला लागतो. इनपुट ५ मेगाओहम असेल तर तीच सीमा ३२ हर्ट्झवर येते. पण मधे १०० किलोओहम इनपुटचं पेडल घातलं तर ती थेट १६०० हर्ट्झवर चढते आणि हार्मोनिका डासासारखी ऐकू येते. ए पट्टीचा सर्वात खालचा स्वर २२० हर्ट्झचा आहे, म्हणजे १ मेगाओहमवर मूळ स्वर सगळे शाबूत राहतात.

लांब केबलचा परिणामही दोघांवर वेगवेगळा. क्रिस्टलला केबलची कपॅसिटन्स समांतर बसते, त्यामुळे सगळाच आवाज सारखा कमी होतो, ट्रेबल तेवढा जात नाही. चुंबकी घटकाचा मात्र ट्रेबल जातो. इथे ट्रेबल जाण्याचं मला दुःख नाही.

एसएम५८ ची ॲम्पला थेट जोडणीही एकदा करून पाहिली, निव्वळ नोंदीसाठी. कमी प्रतिबाधेचा (इम्पिडन्सचा) माइक, सिग्नल बारीक. मधे २०० ओहम ते ५० किलोओहमचा जुळणी ट्रान्सफॉर्मर घातला की व्होल्टेज सुमारे १६ पट होतं, म्हणजे २४ डेसिबल. ज्यांच्याकडे बुलेट नाही त्यांनी निदान तो ट्रान्सफॉर्मर घ्यावा. पेडलने ती वाढ भरून काढायला गेलं तर घरघरसुद्धा तेवढीच वाढते.

१९ मे

माइकवर व्हॉल्यूमचा पॉट (फिरवून रोध बदलणारं बटण) बसवला. बुलेटच्या मागच्या बाजूला भोक, उजव्या अंगठ्याला सापडेल असं. जोडणी नेहमीची : घटकाची गरम (सिग्नलची) तार एका टोकाला, जमीन (ग्राउंडची तार) दुसऱ्या टोकाला, मधला पाय केबलकडे. पॉटचं धातूचं अंग जमिनीला जोडायला विसरू नये, नाहीतर बोट लागलं की गुणगुण.

मूल्य निवडताना थोडं थांबलो. पॉट विद्युतदृष्ट्या मध्यावर असतो तेव्हा त्याच्या मूल्याच्या चौथ्या हिश्शाएवढा रोध केबलच्या आधी येऊन बसतो. पॉट १ मेगाओहमचा आणि केबल ५०० पिकोफॅरडची (साधारण पाच-सहा मीटर) असेल तर १३०० हर्ट्झच्या वरचं सगळं उतरायला लागतं. २५० किलोओहमला तीच सीमा ५ किलोहर्ट्झवर, म्हणजे ऐकण्यात जवळजवळ फरक नाही. क्रिस्टलला मोठंच मूल्य लागतं, नाहीतर खर्ज जातो. चुंबकी घटकाला दोन्ही चालतात. मी मुद्दाम मोठं लावलं. थोडं बंद केलं की आवाज मंद आणि अंधारा होतो, शिट्टीचा पट्टा आधी दबतो. ज्यांना आवाज तसाच ठेवून फक्त पातळी उतरवायची आहे त्यांनी लहान लावावं.

वापर : ओळीच्या शेवटी अंगठ्याने पाव फेरा मागे, पुढच्या ओळीआधी पुढे. ८ तारखेचं कोडं इथे अर्धं सुटतं, कारण शिट्टी शांततेत येते आणि शांततेत आता वाढच कमी आहे. हाताला सवय लागायला वेळ लागेल. सध्या दर दुसऱ्या ओळीची सुरुवात गिळली जाते.

२२ मे

ॲम्पचा पहिला व्हॉल्व्ह बदलला. १२एएक्स७ चा वाढीचा गुणांक १००, ५७५१ चा ७०, १२एटी७ चा ६०, १२एवाय७ चा साधारण ४५, १२एयू७ चा २० च्या आत-बाहेर. सगळ्यांचे पाय सारखे, खाच सारखी. सर्किटमध्ये प्रत्यक्ष मिळणारी वाढ याहून कमी असते, पण प्रमाण साधारण असंच उतरतं : १२एएक्स७ च्या जागी १२एवाय७ म्हणजे सातेक डेसिबल कमी.

बदलण्याआधी ॲम्प बंद, भिंतीतला प्लग बाहेर, काच गार होईपर्यंत वाट. व्हॉल्व्ह मागून निघतो, पेटी उघडावी लागत नाही, आणि ज्याला आतलं काम येत नाही त्याने ती उघडूही नये. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर साठा राहू शकतो. आणि स्पीकर जोडल्याशिवाय व्हॉल्व्हचा ॲम्प कधी चालू करायचा नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो.

१२एटी७ : फरक जेमतेम. १२एयू७ : शिट्टी गायब, पण जीवही गायब. बटण शेवटपर्यंत नेलं तरी ६व्ही६ ला पुरेसा रेटा मिळत नाही. १२एवाय७ : हाच. घुमण आता साडेसातला. आणि महत्त्वाचं म्हणजे घोगरेपणाची जात बदलली. आधी पहिलाच व्हॉल्व्ह फाटायचा, तो आवाज बारीक, कागद टरकावल्यासारखा. आता पहिला टप्पा बऱ्यापैकी स्वच्छ राहतो आणि शेवटचा ६व्ही६ दाबाखाली येतो, त्यामुळे आवाज जाड राहून कुरकुरतो. हळू वाजवलं तर स्वच्छ, जोर दिला तर फाटलेला. श्वासाला उत्तर देणारा ॲम्प पहिल्यांदा हाती लागला.

फेंडरच्या बासमन ॲम्पचा ५एफ६-ए आराखडा हार्मोनिकावाल्यांना इतका का आवडतो याचं एक कारण त्यातच दिसतं : चार दहा इंची स्पीकर, आणि पहिला व्हॉल्व्ह मुळातच १२एवाय७. गिटारवाले तो काढून १२एएक्स७ लावतात. आपण उलट्या दिशेने जायचं.

२६ मे

जागा. ॲम्प जमिनीवरून उचलून कमरेच्या वर ठेवला, किंचित वर तोंड करून. माझ्या कानाला आवाज थेट पोहोचला की मी आपोआप बटण कमी ठेवतो. ॲम्प पायाशी असताना मला ऐकू येत नाही म्हणून मी वाढवतो आणि पहिल्या रांगेतल्यांचे कान फाटतात.

माइक आणि स्पीकर यांच्या मधे माझं अंग. ॲम्प पाठीमागे थेट न ठेवता थोडा बाजूला, म्हणजे माइकपर्यंत येताना वरचे सूर अंगाला अडतात. अंतर दुप्पट केलं तर थेट आवाज ६ डेसिबल उतरतो, पण खोलीत हे काही मीटरपर्यंतच खरं, पुढे भिंतींवरून परतणारा आवाज वरचढ होतो. माझ्या समोर उघडी भिंत असेल तर ॲम्प मागे असून काही फायदा नाही, ती भिंतच दुसरा स्पीकर होते. कोपऱ्यात ॲम्प ठेवला की खर्ज फुगतो, त्याचा मला उपयोग आहे. कोपऱ्याकडे तोंड करून मी उभा राहिलो तर मात्र संपलं.

३० मे

पेडलांचा दिवस. थोडक्यात.

गिटारचं डिस्टॉर्शन पेडल : ८ तारखेच्या वाक्याच्या नेमकं विरुद्ध. लहान सिग्नलला प्रचंड वाढ. चालू करताच किंकाळी. कॉम्प्रेसरचंही (लहान-मोठा आवाज एका पातळीवर आणणाऱ्या पेडलचंही) तेच. पुन्हा हात लावायचा नाही.

नॉइज गेट : विश्रांतीत तोंड बंद करतो, म्हणून शिट्टीवर उपाय वाटतो. पण उंबरठा खाली ठेवला तर शिट्टीच गेट उघडते, वर ठेवला तर हळुवार सुरुवात खाऊन टाकतो. अंगठा आणि पॉट हेच काम जास्त चांगलं करतात, कारण पुढची ओळ कधी येणार हे अंगठ्याला माहीत असतं.

ग्राफिक इक्वलायझर : एक अरुंद पट्टा खाली ओढून एक शिट्टी मारली की शेजारची उभी राहते, आणि मी अर्धं पाऊल सरकलो की आकडेच बदलतात. स्टँडवरच्या माइकसाठी अरुंद कात्री चालते, हातातल्या माइकसाठी नाही. त्यापेक्षा दोन किलोहर्ट्झच्या वरचं सगळं सरसकट उतरवणं बरं. ते केबल, पॉट आणि ओंजळ मिळून आधीच होतंय.

कंपनसंख्या किंचित सरकवणारं यंत्र : मॅनफ्रेड श्रोडर यांची १९६० च्या दशकातली कल्पना. प्रत्येक फेऱ्यात आवाज काही हर्ट्झने सरकला तर तो एकाच जागी साचत नाही. सभागृहातल्या भाषणाला उत्तम. हार्मोनिका मात्र तोंडात असते, तिचा मूळ सूर हाडांतून कानात येतो आणि ॲम्पचा सूर जरासा बाजूला, दोन्ही मिळून लाटा ऐकू येतात. मला ते सहन झालं नाही.

डिले (प्रतिध्वनी देणारं पेडल) : शिट्टीच्या कडेवर असताना लावला तर कडा ओलांडतो. व्हॉल्यूम दोन खुणा खाली आणून लावला तर आवाजाला खोली देतो. हे एकच पेडल ठेवणार आहे, तेही ओला आवाज (प्रतिध्वनीचा भाग) अगदी कमी ठेवून.

४ जून

बँडबरोबर तालीम. ड्रमवाला ब्रशवर असेपर्यंत ५ वॅट पुरले. काठ्या हातात घेतल्या आणि मी गायब. गिटारवाला म्हणाला, “अरे, दिसतोयस, ऐकू येत नाहीयेस.”

मोठा ॲम्प लावायचा मोह झाला. त्याऐवजी छोट्या ॲम्पच्या स्पीकरसमोर दोन बोटांवर एसएम५७ माइक ठेवून तो आवाज पीएमध्ये (प्रेक्षकांसाठीच्या मोठ्या ध्वनियंत्रणेत) घेतला. फाटणं छोट्या ॲम्पमध्येच होतं, मोठेपणा पीए देतो. आता मोठा फेरा पीएच्या स्पीकरपासून माझ्या हातातल्या माइकपर्यंतचा, म्हणून पीएचे स्पीकर माझ्या पुढे असले पाहिजेत आणि माझ्या मॉनिटरमध्ये (वाजवणाऱ्याला ऐकू यावं म्हणून त्याच्याकडे तोंड करून ठेवलेल्या स्पीकरमध्ये) हार्मोनिका अजिबात नको. मला माझा ॲम्प कानाशी आहेच. मॉनिटरमध्ये थोडीशी हार्मोनिका सोडायला साउंडवाल्यांचा हात नेहमी शिवशिवतो, त्यांना आधीच सांगून ठेवायचं.

८ जून

आजची नोंद वाजवण्याची. सामानाइतकीच ती या वहीत हवी, कारण १२एवाय७ नंतर उरलेला घोगरेपणा इथूनच आला.

फाटणाऱ्या ॲम्पमध्ये दोन स्वर एकदम गेले की त्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे सूर तयार होतात, जे हार्मोनिकात नसतातच. सी पट्टीवर दुसरं आणि तिसरं भोक एकदम ओढलं : ३९२ आणि ४९४ हर्ट्झ. फरक १०२. हा खर्ज हार्मोनिकाच्या सर्वात खालच्या स्वरापेक्षा, म्हणजे २६२ पेक्षा, एका सप्तकाहून जास्त खाली. ॲम्पमध्ये जन्मलेला असल्यामुळे माइकने किंवा केबलने खर्ज खाल्ला तरी याला धक्का लागत नाही. तिसरं भोक शुद्ध ४:५ प्रमाणात, म्हणजे ४९० वर लावलेलं असेल तर फरक बरोबर ९८ येतो, जो मूळ स्वराचाच दोन सप्तकं खालचा सूर आहे. मग आवाज एकजीव होऊन गुरगुरतो. समस्वरित (बारा स्वर समान अंतरांवर लावलेल्या) हार्मोनिकावर तोच खर्ज किंचित बेसूर असतो आणि चिखल होतो. ॲम्पवर वाजवायची हार्मोनिका शुद्ध किंवा मधल्या समझोत्याच्या ट्यूनिंगची घ्यावी, हे माझं ठाम मत झालं आहे.

जिभेने भोकं अडवून वाजवलं की हे आपसूक घडतं : ओठ रुंद, कडेच्या भोकातून सूर, जीभ उचलली की मधली भोकं क्षणभर मिसळतात. पहिलं आणि चौथं भोक एकत्र ओढून सप्तकाची जोडी केली तर एका स्वराच्या निम्म्या व्हॉल्यूमवर तेवढाच रांगडेपणा मिळतो. म्हणजे ॲम्पची वाढ आणखी थोडी कमी ठेवता येते.

श्वासाचं मात्र उलटं. जोर लावला की घोगरं होईल असं वाटतं, पण जादा जोराने रीड (आतली कंप पावणारी पत्ती) दबते, स्वर खाली बसतो आणि आवाज चेपतो. पोटातून, रुंद, सावकाश हवा आणि उघडा घसा यांनी माइकवर जास्त भरतं. मीटरवर पाहिलं : ताणून ओढलेला दुसऱ्या भोकाचा स्वर मोकळ्या श्वासाच्या स्वरापेक्षा लहान निघाला.

१२ जून

पुन्हा तालीम, काठ्यांसकट. सध्याची मांडणी : चुंबकी बुलेट, १ मेगाओहमचा पॉट, सहा मीटरची केबल, ५ वॅटचा ॲम्प १२एवाय७ वर, व्हॉल्यूम साडेसहा. घुमण साडेसातला, म्हणजे एका खुणेची जागा हातात. समोर एसएम५७, पीएमध्ये दोन किलोहर्ट्झच्या वर थोडा उतार. डिले फक्त संथ गाण्यांना. विश्रांतीत अंगठा मागे आणि ओंजळ बंद. सबंध तालमीत शिट्टी एकदाच आली, गिटारवाला माझ्या आणि भिंतीच्या मधून पाणी आणायला गेला तेव्हा. त्याचं अंग तिथून हललं की काय होतं ते पुढच्या वेळी मुद्दाम तपासायचं आहे.

राहिलेलं : मोठ्या ॲम्पमध्ये १२एवाय७ लावून तीच मोजणी. आणि पॉटचा खांब सैल झालाय, नटखाली दातेरी वॉशर घालायचा.